मदत हवी आहे: मोबाईल चार्जिंगला लावला की गाडीच्या स्पीकरमधून कुईं आवाज येतो. डिजिटल जोडणी कशी करावी?

आर्वीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीच्या टेपचा आहे, पण गरज काय ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल.

बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. आमचं गाव आर्वी तालुक्यात, दवाखाना सेवाग्रामला. पहाटे निघायचं, चार तास मशीन, मग तेवढाच रस्ता परत. बाबांनी गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं खंजिरी वाजवली. मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे आणि जाता-येता त्यांना तेच लागतं. येताना तर हवंच. मशीनवरून उठल्यावर त्यांच्यात बोलायचं त्राण नसतं, सीट मागे करून डोळे मिटून पडलेले असतात, पण भजन लागलं की उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरतात. ती बोटं हलताना दिसली की मला गाडी चालवायला धीर येतो.

दुसरीकडे फोन चार्ज राहणंही तितकंच गरजेचं आहे. आमच्याकडे रात्रीच्या लाईनीचा भरवसा नाही. झोपताना लावलेला फोन पहाटे ३० टक्क्यांवर असतो. मशीनची वेळ पुढे-मागे झाली की दवाखान्यातून ह्याच नंबरवर फोन येतो, त्यामुळे तो बंद पडून चालत नाही.

गाडी २०१४ ची हॅचबॅक, दुसऱ्या हाताची. टेप कंपनीचाच: सीडी, यूएसबी, ऑक्स (बाहेरून वायरीने गाणं द्यायचं गोल भोक) आणि ब्लूटूथ. पण ब्लूटूथवर फक्त कॉल येतो, गाणं जात नाही. माझा फोन अँड्रॉइड, टाईप-सी, हेडफोनची गोल पिन नाही.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. फोन केबलने टेपच्या यूएसबीत लावला, तर थोडा वेळ ‘रीडिंग’ दिसतं आणि मग ‘नो फाईल’. चार्जिंग होतं, पण इतकं हळू की नकाशा चालू असला तर सेवाग्रामपर्यंत दोन टक्केसुद्धा चढत नाही. मग टाईप-सीतून ऑक्स काढणारी पिन आणली. पहिली चाललीच नाही, दुसरी चालली. मग एका बाजूने चार्जिंग आणि दुसऱ्या बाजूने ऑक्स अशी दुहेरी पिन घेतली, लायटर सॉकेटात चार्जर लावला आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. स्पीकरमधून बारीक कुईं आवाज येतो. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. चार्जरची वायर काढली की त्याच क्षणी बंद. शेवटी ऑक्सला लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर आणला, तोही लायटरच्याच चार्जरवर चालवला. कुईं तसंच! ब्लूटूथमध्ये वायर नाही तर आवाज येतो कुठून, हेच समजत नाही.

परवा बाबा म्हणाले, “बंद कर बापा थे, डोकं दुखून राह्यलं.” स्वतःच्या मंडळाचं भजन त्यांनी आजवर कधी बंद करायला सांगितलं नव्हतं.

आवाज डिजिटल जाईल आणि फोनही नीट चार्ज होईल, असं काही करता येतं का? पाच हजारांपर्यंत खर्च करू शकतो. तालुक्याच्या दुकानात अख्खा टेप बदला म्हणतात, पण ते मूळ वायरिंग कापतील अशी भीती वाटते.

वायरिंगवाला_पुलगाव

दादा, बाबांना लवकर आराम पडो.

रेसबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा आहे. तुमच्या फोनला गाडीचा अर्थ (अर्थिंग) दोन वाटांनी मिळून राहिला: एक लायटर सॉकेटातून चार्जरमार्गे, दुसरा टेपमधून ऑक्सच्या वायरीमार्गे. दोन्ही जागच्या अर्थमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे त्या गोल वाटेने करंट फिरतो आणि गाण्यात मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. ऑक्सचा सिग्नल मुळातच नाजूक असतो. त्यात जे मिसळेल ते टेप इमानदारीने मोठं करून स्पीकरला देतो.

तुमच्या ब्लूटूथ रिसीव्हरचं कोडंही हेच आहे. फोन ते रिसीव्हर बिनवायरीचं, पण रिसीव्हर ते टेप ऑक्सचीच वायर आणि त्याला वीज लायटरमधून. लूप फोनमधून उठून रिसीव्हरमध्ये गेला, एवढंच.

खात्री करायची असेल तर पैसा लागत नाही. तीच दुहेरी पिन लावा, पण चार्जरऐवजी पॉवर बँक जोडा. इंजिन चालू ठेवून रेस द्या. आवाज गेला तर लूप पक्का. मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ती ऑक्सच्या मधे लावायची. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल पलीकडे जातो पण वायरीला वायर भिडत नाही. स्वस्तातल्या डबीने ढोलकीचा घुमारा थोडा कमी होतो, ते आधीच सांगून ठेवतो.

आणि पहिली पिन खराब नव्हती बहुतेक. काही पिनांमध्ये डिजिटलचं आवाजात रूपांतर करणारा डॅक असतो, काही नुसत्या वायरी जोडतात. नुसत्या जोडणाऱ्या पिना ठरावीक फोनवरच चालतात.

वणीवाला

टेपच्या यूएसबीत फोन का वाजत नाही, ते सांगतो, कारण मीही यात दोन महिने घालवले.

आपल्याला वाटतं यूएसबी म्हणजे यूएसबी. पण त्या तारेवर एक मालक असतो आणि एक पाहुणा. २०१४ च्या टेपची अपेक्षा अशी की पाहुणा पेन ड्राईव्ह असेल. अँड्रॉइड फोन स्वतःला पेन ड्राईव्ह म्हणून दाखवत नाही, तो एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने फाईल देतो आणि ती जुन्या टेपला कळत नाही. फोन यूएसबीवर डिजिटल आवाज पाठवू शकतो, नाही असं नाही, पण तेव्हा तो स्वतः मालक होतो. इकडे टेपही मालक. दोघंही मालक म्हटल्यावर बोलणं होत नाही. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ सोबत फोनने पाहुणा राहून आवाज द्यायची एक सोय आली होती, पण अँड्रॉइड ८ पासून गूगलने ती मोडीत काढली. आयफोनचं वेगळं आहे, ‘आयफोनसाठी’ म्हणून बनवलेल्या जुन्या टेपवरही तो यूएसबीतून डिजिटल वाजतो आणि चार्जही होतो.

चार्जिंग हळू होतं कारण साध्या यूएसबी २.० पोर्टचं माप ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. नकाशा आणि स्क्रीन तेवढं खाऊन टाकतात.

आता माझा सल्ला. भजनं फोनमधून वाजवायचा हट्ट सोडा, पेन ड्राईव्हवर टाका. ऑक्सची वायर मधे येतच नाही, तेव्हा फोन लायटरवर खुशाल चार्ज करा. फक्त दोन गोष्टी बघा. फोनच्या रेकॉर्डरची फाईल बहुधा एम४ए असते, ती एमपीथ्री करून घ्या. आणि ६४ जीबीची ड्राईव्ह एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येते, जुना टेप ती ओळखत नाही. ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा.

आर्वीकर

वणीवाला भाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एक अडचण आहे. मंडळातले लोक नवीन रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असतात आणि बाबा गाडीत म्हणतात, “परवाच्या एकादशीचं लाव.” दर वेळी कॉम्प्युटर कुठून आणू? म्हणून फोनमधूनही वाजायला हवं.

चंद्रपूरची_लेक

दादा, मग टेप बदलाच, पण महागडा स्क्रीनवाला नको. ज्याच्या ब्लूटूथवर गाणं चालतं असा साधा सिंगल डिन (कमी उंचीचा, एका पट्टीएवढा टेप) घ्या. ब्लूटूथमध्ये कॉलची सोय वेगळी आणि गाण्याची वेगळी असते. तुमच्या जुन्या टेपमध्ये फक्त कॉलची दिली आहे, म्हणून गाणं जात नाही. टेपच्या आतच ब्लूटूथ असलं की आवाज थेट टेपपर्यंत डिजिटल जातो, फोनला टेपची वायर लागत नाही, म्हणून लूपही तयार होत नाही. चार्जिंग लायटरवरून. दोन कामं दोन वेगळ्या वाटांनी.

अँड्रॉइड ऑटोवाला, म्हणजे फोनचा नकाशा-गाणी टेपच्या स्क्रीनवर आणणारा, घेतलात तर एकाच केबलने आवाज आणि चार्जिंग दोन्ही होतं, कॉल मात्र तिथेही ब्लूटूथवरूनच जातात. पण तुमच्या बजेटात तो बसणार नाही. बाजारात त्या नावाच्या स्वस्त डब्या मिळतात, त्या आधीच अँड्रॉइड ऑटो असलेल्या टेपसाठी असतात. कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका.

केबलकडे दुर्लक्ष करू नका. वायर बारीक असली की व्होल्टेज रस्त्यातच मरतं. गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक. २८ गेजच्या एक मीटर वायरीत जाऊन-येऊन साधारण ०.४३ ओहम रोध असतो. २ अँपिअर ओढलेत तर ५ व्होल्टमधले ०.८५ व्होल्ट तिथेच संपतात. २४ गेजमध्ये हेच नुकसान निम्म्याहून कमी होतं. आखूड आणि जाड केबल घ्या, चार्जर १८ वॅटचा पुरे.

अजून एक, आमच्या चंद्रपूरच्या उन्हाने शिकवलेलं. एप्रिल-मेमध्ये फोन काचेखाली डॅशबोर्डवर ठेवून चार्ज करू नका. तापला की फोन स्वतःहून चार्जिंग थांबवतो आणि आपण चार्जरला दोष देत बसतो. एसीच्या जाळीसमोर अडकवा.

वायरिंगवाला_पुलगाव

ताईंचं बरोबर आहे. वायर कापू नका, तुमच्या गाडीचा कपलर वेगळा विकत मिळतो, एका बाजूला गाडीचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला नव्या टेपच्या वायरी. नव्या टेपची पिवळी वायर कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी अर्थ. घाईत असलेला कारागीर कधीकधी पिवळी आणि लाल एकत्र बांधून देतो. मग चावी काढल्यावरही टेप बॅटरी पीत राहतो. पहाटे पाचला सेल्फ लागला नाही तर तुमचं काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. काम झाल्यावर दुकानातच चावी काढून टेप बंद होतो का ते बघा, आणि पुन्हा चालू करून लावलेलं स्टेशन लक्षात राहिलं का तेही बघा.

आर्वीकर

आठ-दहा दिवसांनी लिहितो आहे, माफ करा. मधे बाबांना दोन दिवस भरती करावं लागलं. आता घरी आहेत.

आधी पॉवर बँकेची परीक्षा केली. अंगणात गाडी चालू करून रेस दिली, आवाज अजिबात नाही. चार्जर लावला, आला. इतके दिवस मी फोनला आणि पिनांना नावं ठेवत होतो.

मग वर्ध्याला जाऊन ब्लूटूथवर गाणं वाजणारा सिंगल डिन बसवला. कपलर, फ्रेम आणि मजुरी धरून ४,२०० रुपये झाले. पिवळी-लाल मी समोर उभं राहून बघितली. कारागिराने फॅक्टरीची एकही वायर कापली नाही, जुना टेप मी जपून ठेवला आहे. आखूड केबल आणि १८ वॅटचा चार्जर घेतला. काल निघताना फोन ३४ टक्के होता, सेवाग्रामला उतरताना ७८, आणि सगळा रस्ता नकाशा चालू.

खरांगण्याकडे नेटवर्क जातं, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचं न उतरवलेलं रेकॉर्डिंग अडकतं. म्हणून निघायच्या आधी घरीच उतरवून घेतो. जुनी भजनं पेन ड्राईव्हवर टाकली, ती टेपच्या यूएसबीत कायमची लावून ठेवली आहे.

काल येताना एकादशीचं लावलं. बाबा म्हणाले, “हा झांज कोण वाजवून राह्यला? घाई करून राह्यला.” रेकॉर्डिंगमधली झांज त्यांना गाडीत ओळखू आली!

एकच अडचण राहिली. पेन ड्राईव्हवरचा एक कार्यक्रम एक तास चाळीस मिनिटांचा आहे. गाडी बंद केली की टेप तो पुन्हा पहिल्यापासून लावतो, आणि बाबांना आवडणारी गौळण शेवटच्या भागात आहे. काही उपाय?

वणीवाला

झांजेचं वाचून बरं वाटलं, भाऊ. फाईल कापा. प्रत्येक अभंग संपतो तिथे तुकडा करा, ऑडिओ कापायची फुकट अ‍ॅप फोनवरच मिळतात. नावं ०१, ०२ अशी द्या. बरेच साधे टेप नाव बघत नाहीत, ड्राईव्हवर ज्या क्रमाने फाईल उतरली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून सगळ्या एकदम ओढू नका, एकेक करून ओळीने कॉपी करा. गौळणीचा तुकडा वेगळ्या फोल्डरमध्येही टाकून ठेवा, म्हणजे फोल्डरचं बटण दाबलं की थेट तीच लागेल.