पेनड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर परत बंद पडलंय (सोसायटी ग्रुप)

बी-२०३ खजिनदार ताई: ऑफिसच्या पीसीवर मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आज परत बंद पडलं. पावत्या उघडतात, लेजर उघडतं, पण बिलं प्रिंटला टाकली की विंडो पांढरी होते आणि गायब. घरी लॅपटॉपला लावते तेव्हा हे कधीच होत नाही. ज्यांनी ज्यांनी पेनड्राइव्ह नेला होता त्यांनी प्लीज सांगा त्यावर काय काय केलंत.

सी-३०४: फॉरमॅट मारा. नव्यासारखा होतो.

बी-४०४ काका: आमच्या काळात हेच सॉफ्टवेअर, हाच पेनड्राइव्ह, एक दिवस अडलं नाही. बाकी कोणाला काही म्हणायचं नाही.

बी-२०३ खजिनदार ताई: काका, तुमच्या काळात बिलं किती उशिरा निघायची ते पण सांगा मग 🙏

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. हा ग्रुप नोटिशीसाठी आहे.

ए-१०२ काकू: नोटिशीसाठी आहे तर माझ्या पार्किंगच्या नोटिशीचं काय झालं ते पण सांगा.

ए-५०१ दादा: ताई, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोज बिघाडांची नोंद ठेवतं ते) उघडून ॲप्लिकेशन लॉगमधली लाल एंट्री बघाल का? एक्सेप्शन कोड काय आहे?

बी-२०३ खजिनदार ताई: ०एक्ससी००००००६

ए-५०१ दादा: मग सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवतो तेव्हा तो सगळा एकदम रॅममध्ये येत नाही, जो भाग लागेल तो विंडोज त्या वेळी ड्राइव्हवरून वाचतं. प्रिंटचा भाग प्रिंट म्हटल्यावरच वाचायला जातं आणि तेवढ्यात ड्राइव्ह जागेवर नसेल तर हाच कोड देऊन प्रोग्रॅम मरतो. ड्राइव्ह अर्ध्या सेकंदात परत जोडला गेला तरी उपयोग नाही, आधीच्या उघड्या फायली तुटलेल्याच राहतात.

सी-३०४: म्हणजे फॉरमॅटच मारावा लागणार.

बी-२०३ खजिनदार ताई: अहो ३०४, त्यात सगळ्यांच्या वर्षभराच्या पावत्या आहेत!

बी-४०१: ३०४ ची थकबाकी पण त्यातच आहे म्हणून घाई 😂😂

सी-३०४: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: 🙏🙏 विषयावर या.

ए-५०१ दादा: ताई, ड्राइव्ह कुठे लावलाय? थेट कॅबिनेटला की मध्ये काही आहे?

बी-२०३ खजिनदार ताई: तो काळा हब आहे ना टेबलावर, त्याला. माउस, कीबोर्ड, स्कॅनर सगळं त्यालाच आहे. आणि आत्ता बघतेय तर एक मोबाइल पण चार्जिंगला लावलाय, कोणाचा आहे माहीत नाही.

ए-५०१ दादा: झालं. त्या हबला स्वतःचा ॲडॉप्टर नाही. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलीॲम्पिअर धरलेले असतात, तेवढ्यात हबवरच्या सगळ्यांनी भागवायचं. मोबाइल काढा आणि ड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. आणि स्पीकर चालू ठेवा, ड्राइव्ह तुटला की विंडोज आवाज करतं, आपल्याकडे तो म्यूटवर असल्यामुळे कोणाला कळलंच नाही.

बी-४०४ काका: मोबाइल माझा आहे. पाच मिनिटं लावला होता.

बी-२०३ खजिनदार ताई: 🙂

बी-४०४ काका: आणि असंच असेल तर काल का बंद पडलं, काल मी नव्हतो. काल ताईंनीच सेफली रिमूव्ह न करता ओढून काढला, मी पाहिलंय.

बी-२०३ खजिनदार ताई: विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून क्विक रिमूव्हल (ड्राइव्ह थेट काढता येईल अशी सेटिंग) डीफॉल्ट असतं, सेफली रिमूव्ह करायची गरज नसते. मुलाने सांगितलंय.

ए-५०१ दादा: ताई, ते खरंय पण ड्राइव्हवर काही चालू नसेल तेव्हा. प्रोग्रॅम उघडा ठेवून ओढला तर डेटाबेस अर्धा लिहिलेला राहतो आणि लॉक फाइल पण तशीच राहते, मग पुढच्या वेळी "आधीच उघडलेलं आहे" येतं. त्यात आपला ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा आहे, एनटीएफएस फॉरमॅटसारखं त्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं. आधी प्रोग्रॅम बंद करायचा, मग इजेक्ट.

सी-३०४: मी सुरुवातीपासून सांगतोय, फॉरमॅट

ए-१०२ काकू: आता फॉरमॅट म्हणेल त्याच्या गाडीच्या जागेवर मी गाडी लावेन.

ए-५०१ दादा: आता असं करा. पूर्ण फोल्डर जसाच्या तसा सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून चालवून प्रिंट द्या. चाललं तर दोष ड्राइव्ह, हब नाहीतर पोर्टचा. तिथेही पडलं तर डेटा खराब झालाय असं धरू. कॉपी होईपर्यंत चेकडिस्क (ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) चालवू नका, दुरुस्तीच्या नादात ते फायलींचे तुकडे वेगळे काढून ठेवतं.

बी-२०३ खजिनदार ताई: कॉपी झाली, एरर नाही. सी वरून प्रिंट दिली. बी विंगची सगळी बिलं निघाली!! एकदाही अडलं नाही.

बी-४०१: 👏👏

ए-५०१ दादा: छान. आता ड्राइव्हवर चेकडिस्क चालवा, स्लॅश एफ लावून, म्हणजे चुका दुरुस्तही होतील.

बी-२०३ खजिनदार ताई: चालवलं. फाउंड.००० नावाचा फोल्डर तयार झालाय, आत सीएचके फायली आहेत.

ए-५०१ दादा: ते अर्धवट राहिलेले तुकडे. डिलीट करू नका, पण त्यातून काही मिळेल अशी आशाही धरू नका. गेल्या आठवड्यातल्या नोंदी पावती पुस्तकाशी ताडून बघा.

बी-२०३ खजिनदार ताई: दोन पावत्या दिसत नाहीयेत. ए-१०२ आणि सी-३०४.

सी-३०४: मी भरलेत हं. स्क्रीनशॉट आहे.

ए-१०२ काकू: मी पण भरलेत, कार्बन कॉपी बघा.

बी-२०३ खजिनदार ताई: कार्बन कॉपीत दोन्ही आहेत, भरते परत. आजपासून सॉफ्टवेअर ऑफिसच्या पीसीवरूनच चालेल, पेनड्राइव्ह फक्त बॅकअपला. रोज काम संपलं की कॉपी होईल आणि ड्राइव्ह कोणीही घरी नेणार नाही. मी पण नाही.

सेक्रेटरी: मान्य. ए आणि सी विंगची बिलं उद्या संध्याकाळी. हबवर मोबाइल लावायचा नाही अशी चिठ्ठी टेबलावर चिकटवतो.

बी-४०४ काका: चिठ्ठीवर नाव नको.