प्रतिसाद: चकती सावलीतही तडकते
ओंडका सावलीत वाळवला की तडकत नाही, हे मत मला अर्धेच पटते. सावलीने वाळण्याचा वेग कमी होतो हे खरे. परंतु लाकूड गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वार्षिक वलयांच्या दिशेने आकसत असल्यामुळे, टीपॉयसाठी आडवी कापलेली गोल चकती कितीही जपली तरी बहुधा एका बाजूने फाकतेच. माझ्या फणसाच्या चकतीला आठव्या महिन्यात सालीपासून थेट गाभ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. (भुसा आणि सरस भरून पाहिले, पुढच्या उन्हाळ्यात तेही सुटले.) अखेर भेगेवर डमरूच्या आकाराची सागवानी पाचर आडवी बसवली. दुसऱ्या ओंडक्याच्या मात्र गाभा वगळून उभ्या फळ्या काढल्या आणि त्या ओल्या असतानाच दोन्ही टोकांना मेण फासले.