बोटीचं डिझेल इंजिन आयडलले झोके घेते अन् मधातच बंद पडते

डोंगेवाला, पवनी तालुका:
नमस्कार मंडळी. आमचं गाव गोसेखुर्दच्या बॅकवॉटरले लागून. मासेमारीची फायबरची बोट आहे, तिच्यात सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन बसवलं, शेतात पंपाले लावते तेच. 15 दिवसापासून असं होऊन राह्यलं का सकाळी एका हँडलात चालू होते, पण रेस कमी करून आयडलले आणलं का चढते, मंग खाली बसते, मंग पुन्हा चढते. रेस दिली तं बरोबर. अन् अर्ध्या-पाऊण घंट्यानं आपोआप बंद, दहा मिनिटं थांबलं का पुन्हा चालू. परवा जाळं ओढतानी बंद पडलं, वारा सुटलेला, लहान भाऊ सोबत होता, दोघं वल्हं मारत कसेबसे काठाले लागलो. पहिले वाटलं जलपर्णी पंख्यात गुतली असन, पण न्यूट्रलमधीही तेच. फिल्टर नवा टाकला. मेकॅनिक म्हणते फ्युएल पंप उतरवून नागपूरले पाठवा. खर्च लय आहे, काय करू?

पंपवाला, वर्धा:
भाऊ पंप आत्ताच उतरवू नका, गव्हर्नरच्या (डिझेल कमी-जास्त करून इंजिनाची चाल सांभाळते तो भाग) स्प्रिंगलेही हात लावू नका. पहिले सांगा, डिझेलची टाकी कुठं आहे?

डोंगेवाला:
फळीखाली. इंजिनापेक्षा हातभर खाली. फीड पंप डिझेल ओढते.

पंपवाला, वर्धा:
मंग तिथंच पाहा. शेतात टाकी इंजिनाच्या वर असते, डिझेल आपल्या वजनानं उतरते, जोड ढिला असला तं थेंब पडते अन् कळते. तुमच्या बोटीत पाइपातून ओढ आहे, म्हणून ढिल्या जोडातून डिझेल भाईर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत दिसते अन् मानूस फसते. आयडलले डिझेल थोडंसंच लागते, त्यात बुडबुडा आला का इंजिन दबते, गव्हर्नर डिझेल वाढवते, म्हणून झोके.
एक काम करजा. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, इंजिनाच्या वर बांधा अन् पारदर्शक नळीनं सरळ फिल्टरले जोडा. एअर काढा: फिल्टरवरचा स्क्रू अर्धा आटा ढिला, फेस जाऊन सरळ धार आली का धार चालू असतानीच कसा. मंग नोझलकडच्या (इंजिनात डिझेलचा फवारा मारते ते) पाइपाची नटी ढिली करून हँडल मारा, डिझेल आलं का कसा. आता आयडल ठीक चाललं तं पंप-नोझल बिनकसूर, दोष टाकीपासून फिल्टरपर्यंत. तरी झोके घेतले तं मंग नोझल तपासा. तांब्याच्या वायसरी जुन्या असतील तं बदला, नाही तं लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, नरम होते अन् बरोबर बसते.

खलाशी, चंद्रपूर:
मी काही वर्षं रत्नागिरीकडं ट्रॉलरवर होतो, तिथं पाहिलेलं सांगतो. अर्ध्या तासानं बंद आणि थांबलं की चालू, हे टाकीच्या हवेच्या नळीचं लक्षण वाटतं. नळी बुजली की टाकीत व्हॅक्यूम होतो, डिझेल येईना होतं. पुढच्या वेळी बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज आला तर समजा. आणि टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळं बसतं.
एक गोष्ट कळकळीनं सांगतो, नोझल बाहेर काढून फवारा पाहताना समोर बोट धरू नका, तो फवारा कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते पण हात जाऊ शकतो. आणि लहान भावाला लाइफ जॅकेटशिवाय नेऊ नका.

डोंगेवाला, चार दिवसानं:
राजेहो, सापडलं! कॅनवर इंजिन एकसारखं चाललं, घड्याळावानी. मंग टाकीकडून पारदर्शक नळी लावली तं बुडबुड्याची माळच येऊन राह्यली होती. रबरी पाइप क्लिपच्या खाली चिरलेला, क्लिप काढल्याशिवाय दिसतच नव्हता. अन् हवेच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, तारेनं खरडून काढलं, तोंडाले बारीक जाळी बांधली. बाटलीत दोन बोटं पाणी निघालं, टाकी पुरी धुतली. आज सकाळी 2 घंटे जाळं ओढलं, एकदाही बंद नाही. सुरुवातीले थोडा पांढरा धूर आहे, नोझल पुढच्या बाजाराच्या दिवशी दाखवतो. जॅकेट दोन आणले.