लॅट्विअन बोलणं कळलं नाही तर सभ्यपणे काय म्हणायचं?

रीगातली_नवखी
मंडळी, नवऱ्याच्या जॉबमुळे रीगात येऊन ८ महिने झाले. लॅट्विअनच्या क्लासला जातेय, बाई बोलतात ते बऱ्यापैकी कळतं पण बाहेर पडलं की सगळं डोक्यावरून. परवा दुकानात काउंटरवरच्या मुलीने 'चेकु वयग?' विचारलं, मला वाटलं चेकने पैसे देणार का विचारतेय, मी आपली नाही नाही कार्ड कार्ड करत बसले, तिला फक्त पावती हवी का एवढंच विचारायचं होतं 😅 ते एक असो. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या आजींनी जिन्यात गाठलं, दोन मिनिटं भरभर बोलल्या आणि मी 'या, या' म्हणजे हो हो करत मान हलवत राहिले. नंतर कळलं की शनिवारी त्यांचं पार्सल येणार होतं, ते घ्यायला मी घरी असेन का विचारत होत्या, आणि आम्ही शनिवारी गेलो युर्मालाला समुद्रावर. आता त्या दिसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. 'एस नेसप्रुओतु' (मला समजत नाही) एवढं येतं, पण ते म्हटलं की समोरचा एकतर इंग्लिश सुरू करतो नाहीतर 'जाऊ दे' म्हणून निघून जातो. बोलणं न तोडता, उद्धट न वाटता काय म्हणू?

पाचव्या_वर्षाचा_डॉक्टर
ताई, मी इथे मेडिकलला आहे, वॉर्डात रोज हेच होतं. 'कुर साप?' म्हणजे कुठे दुखतंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच साप दिसला. प्रश्न तीन सेकंदात विचारून होतो पण पेशंट आजोबा उत्तर देतात १९७० सालापासून.

नेसप्रुओतु मी बंदच केलंय. त्याचा अर्थ 'मला समजत नाही', म्हणजे समोरच्याला वाटतं ह्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी नेसप्रतु म्हण, भूतकाळ, म्हणजे आत्ताचं हे वाक्य समजलं नाही, बाकी चालू ठेवा. एका स्वराचा फरक आहे पण लोक थांबतात. आणि त्याला जोडूनच त्यांनी काय करायचं तेही सांगायचं, नाहीतर ते तेच वाक्य त्याच स्पीडने परत फेकतात. 'अत्वाइनुओयिएत, एस नेसप्रतु. वाइ यूस वरेतु रुनात लेनाक, लूद्झु?' म्हणजे माफ करा, समजलं नाही, जरा हळू बोलाल का. एवढं मोठं जमलं नाही तर नुसतं 'लेनाक, लूद्झु' किंवा 'वेल्रेइझ, लूद्झु' (परत एकदा) पण चालतं.

आणि जो शब्द कळला तो धरून ठेव. आजींच्या बोलण्यातलं 'सेस्त्दिएन' म्हणजे शनिवारी एवढं जरी कानावर पडलं असतं (सेस्त म्हणजे सहावा, आपलं षष्ठ, सोमवारपासून मोजतात) तरी 'सेस्त्दिएन?' असं विचारायचं, त्या बाकीचं आपोआप परत सांगतात. शेवटी 'वाइ एस परेइझि सप्रतु?' म्हणजे मला बरोबर कळलं का. औषधाच्या बाबतीत हे विचारल्याशिवाय मी हलतच नाही.

जुन्यातला_जु
वरचं सगळं बरोबर, फक्त ते लूद्झु वाचून जीभ अडकेल. मराठी माणसाला सोपं आहे, 'जुना'तला जु घ्या आणि लूजु म्हणा. 'माचुओस' (शिकतोय) मधला च चाकातला, आणि 'चेकु'तला च चहातला. आपल्याकडे दोन्ही च आणि दोन्ही ज आहेत पण लिहिताना फरक करत नाही, त्यांच्याकडे अक्षरंच वेगळी. बलाघात जवळपास नेहमी पहिल्या अक्षरावर, फक्त पल्दिएस (धन्यवाद), लब्दिएन (नमस्कार) असे रोजचेच शब्द अपवाद, तिथे जोर दुसऱ्यावर.

आणि वाइ म्हणजे कृष्णाकाठची वाई नव्हे 😀 हा आपला प्रश्नातला 'का', फक्त वाक्याच्या सुरुवातीला येतो. यूस म्हणजे तुम्ही, तु म्हणजे तू, अगदी आपल्यासारखंच, त्यामुळे आजींना चुकूनही 'अत्वाइनुओ' म्हणू नका, ते मैत्रिणीला. आणि काही ऐकू आलं नाही तर नुसतं 'कुओ?' नको, ते आपल्या 'काय??' सारखं अंगावर जातं. 'का, लूजु?' म्हणा, म्हणजे 'काय म्हणालात?'.

लूजु हा शब्द तर दहा कामांचा. प्लीज, हे घ्या, या ना, आणि पल्दिएसला उत्तर म्हणूनही लूजुच.

बारा_गावचं_पाणी
थोडं वेगळं मत. हळू बोला हळू बोला म्हणून तरुण पोरं हळू बोलत नाहीत, सरळ इंग्लिशवर जातात, आणि वयस्कर लोक पुष्कळदा रशियनवर. त्यांना मदतच करायची असते, पण आपलं शिकणं तिथेच संपतं. मी आधीच सांगून टाकतो, 'एस माचुओस लत्विएशु वलुओदु. लूजु, रुनायिएत अर मनि लत्विस्कि', मी लॅट्विअन शिकतोय, माझ्याशी लॅट्विअनच बोला. बहुतेकांचा चेहराच बदलतो, दहापंधरा लाख लोकांची भाषा, बाहेरचा कोणी शिकतोय याचं अप्रूप आहे त्यांना. सेंट्रल मार्केटात मात्र (झेपेलिन हवाई जहाजांच्या हँगरचे भाग वापरून बांधलेले ते मोठे हॉल) बऱ्याच विक्रेत्या बायका रशियनच बोलतात, तिथे हट्ट करू नका. मी आकडा कळला नाही की 'उझ्रक्स्तिएत, लूजु' म्हणतो, लिहून द्या, बाई कॅल्क्युलेटर पुढे करते, विषय संपला.

काउंटरवर 'माइसिन्यु वयग?' (पिशवी हवी का) आणि 'चेकु वयग?' या दोघांनाही एकच उत्तर, 'नेवयग, पल्दिएस'. नको, धन्यवाद.

रीगातली_नवखी
सगळ्यांना पल्दिएस, दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन 😄 काल आजी परत जिन्यात भेटल्या. आधी अत्वाइनुओयिएत म्हणून शनिवारची माफी मागितली, मग लेनाक लूजु म्हटलं. तर त्या हळू नाही बोलल्या, मोठ्याने बोलायला लागल्या!! खालच्या मजल्यावरचा माणूस दार उघडून बघायला आला. आता 'ऐकू येतंय हो, फक्त समजत नाहीये' हे कसं म्हणायचं?

पाचव्या_वर्षाचा_डॉक्टर
'एस जिर्दु, बेत नेसप्रुओतु.' जि मधला ज जुन्यातलाच. इथे मात्र नेसप्रुओतुच.