जर्मन पाहुणा, आईचा आग्रह आणि पोलीस पाटलांची चौकशी

प्रश्न (खुलताबाद तालुका): भावाचा वाळूजच्या कारखान्यातील जर्मन सहकारी वेरूळची लेणी पाहण्याच्या निमित्ताने दोन रात्री आमच्या गावी मुक्कामाला होता. येसर आमटी त्याने आवडीने खाल्ली. परंतु आई तिसऱ्यांदा वाढू लागताच ताटावर हात आडवा धरून त्याने स्पष्ट 'नको' म्हटले आणि 'ही माणसे तुसडीच' असा आईचा ग्रह झाला. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील त्याचा पासपोर्ट पाहून गेले, तेव्हा गाव आपल्याला चोर समजते असे त्याला वाटले. दोघांची समजूत कशी घालावी?

उत्तर (नांदेड): आपल्याकडे पहिला नकार हा संकोच मानला जातो आणि यजमानाने तो खरा धरला, तर पाहुणा उपाशी उठतो. तिकडे मात्र 'नको' म्हणजे नकोच. मी जर्मनीत तीन वर्षे राहिलो. रात्री दहानंतर मिक्सर लावला म्हणून शेजाऱ्याने माझ्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती; मी घरी नसताना आलेली पार्सले मात्र तोच गृहस्थ सांभाळून ठेवत असे. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' आहे, आणि 'तू' म्हणण्याची मुभा सहसा वडीलधाऱ्याने द्यायची असते. आईंना हे नक्की पटेल.

उत्तर (बीड): पाटलांना दोष देऊ नका. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने, मग ते हॉटेल असो वा घर, २४ तासांच्या आत त्याची नोंद करावी लागते. ती आपण केली होती का? जर्मनीतही घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंद करावी लागते, एवढे पाहुण्याला सांगितले तरी पुरे.

उत्तर (परभणी): नियमाचे ठीक आहे, पण गावाच्या मनातील धास्ती नियमातून आलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने ज्या पाच जणांना ठार मारले, ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेवर पोट भरणारे आपलेच लोक होते. गोऱ्या पाहुण्याची चौकशी पासपोर्ट पाहून, बहुधा चहा पाजून संपते. फाटक्या झोळीवाल्याला तेवढी सवड कोण देतो?

प्रश्नकर्ता: नोंद केली नव्हती, ही चूक आमचीच, पाहुण्याला तसे कळवले आहे. आईला पार्सलांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "एवढा चांगला होता तर चिठ्ठी कशाला, दार वाजवायचे होते."