एनियॅकचं पेटंट रद्द झालं, बरंच झालं

काडीपेटी:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की 1973 साली अमेरिकन कोर्टाने एनियॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचं पेटंट रद्द केलं आणि तो बनवणाऱ्या एकर्ट आणि मॉक्ली यांच्या तोंडचा घास काढून ‘आयोवाच्या कुण्या प्राध्यापकाला’ भरवला. चहा कडू झाला वाचून. कुणी कसला? जून 1941 मध्ये मॉक्ली स्वतः आयोवातल्या एम्सला गेला, त्याच प्राध्यापकाच्या, अ‍ॅटनासॉफच्या घरी पाहुणा म्हणून राहिला, त्याचं गणिती यंत्र डोळे भरून पाहिलं. सप्टेंबरात पत्र टाकलं, तुमच्या यंत्रातल्या काही गोष्टी घेऊन मी एक बांधलं तर चालेल का? ताकाला जाऊन भांडंसुद्धा लपवलं नाही बिचाऱ्याने!

आणि मुळात भांडण पैशाचं होतं. एनियॅकच्या पेटंटचा अर्ज 1947चा, मंजुरी 1964ची. सतरा वर्षं भिजत घोंगडं. तोवर इतरांनी घाम गाळून धंदा उभा केला, मग पेटंट हाती असलेली स्पेरी रँड कंपनी निघाली वसुलीला. आयबीएमशी 1956 मध्येच तुझे परवाने मला, माझे तुला असं जमवून ठेवलेलं. संगणक बनवणारी हनीवेल कंपनी कोर्टात गेली म्हणून बरं. नाहीतर डिजिटल संगणक बनवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात हे भाडं मागायला उभे.

नळीवाला:
तोच सद्गृहस्थ हजर आहे. अ‍ॅटनासॉफचं यंत्र नीट चाललं कधी? मधले आकडे कार्डावर उमटवायची सोय शेवटपर्यंत दगा देत होती. निर्वात (व्हॅक्यूम) नळ्या जेमतेम तीनशे, प्रोग्रामिंगचं नाव नाही, फक्त समीकरणं सोडवायची. एनियॅकमध्ये सतरा हजारांवर नळ्या, आणि ते चाललं. पाट्यावर वाटणारीला मिक्सरचं श्रेय द्यायचं का? बरं, त्या यंत्राच्या पेटंटचा अर्ज त्याच्या कॉलेजने भरलाच नाही. बैल गेला आणि झोपा केला, तोही हनीवेलच्या वकिलांनी, स्वतःचे पैसे वाचवायला.

पेटंट पडायला दुसरी कारणंही होती, ती तुम्ही सोयीने गाळलीत. डिसेंबर 1945 पासून एनियॅकवर हायड्रोजन बॉम्बची गणितं चालली होती, म्हणजे अर्जाच्या वर्षभराहून जास्त आधी सार्वजनिक वापर. शिवाय पुढच्या संगणकाची रचना मांडणारा, गणितज्ञ फॉन नॉयमनचा जून 1945चा अहवाल आधीच हातोहाती फिरलेला. अ‍ॅटनासॉफ जन्मला नसता तरी पेटंट पडलं असतं.

सासुरवाशीण_कोडर:
त्या अहवालाचं नाव काढलंतच म्हणून. विचारविनिमय एनियॅकच्या अख्ख्या टोळीचा, वर नाव एकट्या फॉन नॉयमनचं. आमच्याकडे वेगळं काय होतं? पुण्यात नोकरीला असताना लॉग फाइली आवळायची एक युक्ती मी बसवली, तीन महिने रात्री जागून. पेटंटच्या अर्जावर पहिलं नाव मॅनेजरचं, दुसरं त्याच्या वरच्याचं, तिसरी मी. पितळी पाटी मिळाली, तिच्यावर माझं आडनाव चुकलेलं. आईने ती देवघरामागे ठेवलीय.

खवचट_खान:
तिसरी तरी होतात! आमच्या गाइडने माझ्या प्रबंधातलं प्रकरण स्वतःच्या पेपरात घातलं आणि आभारात माझं नाव ‘इतर विद्यार्थी’.

नळीवाला:
ताई, वाईट वाटलं. पण मॅनेजरने टीम उभी केली, पैसा आणला, त्याचं काहीच नाही?

सासुरवाशीण_कोडर:
आहे ना. त्याला त्याचा पगार मिळत होता. माझ्या तिप्पट.

काडीपेटी:
अहो, धागा एनियॅकचा आहे.

खवचट_खान:
आम्ही एनियॅकबद्दलच बोलतोय. तुम्हाला कळत नाही एवढंच.

जीआयएफ_पीडित:
या घराण्याचा नातू विसरलात. 1986 मध्ये स्पेरी आणि बरोज एक होऊन युनिसिस झाली. तिच्याकडे वारशात वेल्चच्या एलझेडडब्ल्यूचं, म्हणजे फाइली आवळायच्या एका पद्धतीचं पेटंट. तीच पद्धत वापरणारा जीआयएफ हा चित्रफाइलींचा प्रकार 1987 पासून जग फुकट वापरतंय, आणि 1994च्या डिसेंबरात हे म्हणतात, तो बनवणारं सॉफ्टवेअर विकता ना, मग परवाना घ्या. चिडून लोकांनी पीएनजी हा पेटंटमुक्त चित्रप्रकार काढला. अमेरिकेत एलझेडडब्ल्यूचं पेटंट संपलं 20 जून 2003 ला. त्या काळात मी ग्राहकाच्या साइटवरचे दीडेकशे हलते जीआयएफ एका रात्रीत काढले. नाचणारा गणपतीसुद्धा.

नळीवाला:
वेल्च स्पेरीतच नोकरीला होता. हक्काचं पेटंट मागितलं तर दरोडेखोर?

जीआयएफ_पीडित:
पाया लेंपेल आणि झिव यांचा, 1978चा. हक्क कुणाचा, तुम्हीच ठरवा. आपल्या पेटंट कायद्यात कलम 3(के) आहे म्हणून निदान नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही.

सासुरवाशीण_कोडर:
नाही कसं? अर्जात चार ओळी हार्डवेअरच्या घाला, प्रोग्राम लगेच ‘तांत्रिक परिणाम’ होतो. माझाही झाला होता.

काडीपेटी:
नळीवाले, सार्वजनिक वापराचा मुद्दा मान्य. तो मी गाळला होता. पण पाहुणचाराचं काय? चार दिवस जेवला मॉक्ली त्या घरी.

नळीवाला:
जेवणाचं बिल पाठवा स्पेरीला. सतरा वर्षांनी मंजूर होईल.