खासदाराने कुठल्या बिलाला काय मत दिलं ते कुठे बघतात?

चौथी_सीट
नमस्कार मंडळी, विषय राजकारणाचा आहे पण पक्षाचा नाहीये, त्यामुळे मतदारसंघ आणि नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा पेटेल आणि माझं काम राहील बाजूला.

झालं असं की गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत खासदारसाहेबांचा कार्य अहवाल आला. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो, लेटरबॉक्समध्ये मावेना म्हणून वॉचमनने गठ्ठाच जिन्यावर ठेवला. मधल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'संसदेत 300 हून अधिक प्रश्न'. झालं, ग्रुपवर जुंपली. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात मी रोज संसद टीव्ही लावतो, हा माणूस कधी तोंड उघडताना दिसला नाही. सेक्रेटरी म्हणतात 300 प्रश्न म्हणजे काय खायचं काम आहे का. मग काकांनी शेवटचं अस्त्र काढलं, की एका मोठ्या बिलाच्या वेळी (बिलाचंही नाव नको) मतदान झालं तेव्हा हे सभागृहात नव्हतेच.

मी मेली मध्येच बोलले की थांबा, मी शोधून सांगते. आता दोन दिवस ट्रेनमध्ये मोबाईलवर संसदेची वेबसाइट उघडून बसतेय आणि काही सापडत नाहीये. प्रश्नांची यादी मिळाली पण मतदानाचं पान कुठेय? आणि 300 प्रश्न विचारले तर ते टीव्हीवर का दिसत नाहीत? कोणाला माहीत असेल तर मराठीत सांगा प्लीज.

गच्चीवरचा_पतंग
मतदानाचं तसं पान नाहीच आहे, म्हणून सापडत नाहीये. पीआरएस म्हणून संसदेच्या कामाची नोंद ठेवणारी संस्था आहे, तिच्या साइटवर खासदाराचं नाव टाकलं की हजेरी, किती चर्चांत भाग घेतला, किती प्रश्न, किती खासगी बिलं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) एवढं मिळतं. मत मिळत नाही.

कारण बहुतेक बिलं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष म्हणतात बाजूचे हां म्हणा, विरोधातले ना म्हणा, आणि हांवाले जिंकले. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण कॅंटीनला होतं याची कुठेही नोंद नाही. 2023 च्या ऑगस्टमधला अविश्वास ठराव आठवतो? तीन दिवस चर्चा आणि शेवटी आवाजीनेच फेटाळला.

नावानिशी नोंद हवी तर कोणीतरी उठून मतविभागणी मागावी लागते. मग घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी लॉबीचे दरवाजे बंद, आणि बाकावरचं बटण दाबायचं, हिरवं लाल पिवळं. त्याची यादी त्या दिवसाच्या डिबेट्सच्या पीडीएफमध्ये असते. तुमच्या बिलाला मतविभागणी झाली होती का ते आधी बघा. घटनादुरुस्ती असेल तर झालेलीच असणार, तिथे दोन तृतीयांश मोजून दाखवावे लागतात.

बोरिवली_ईस्ट
आमचं बरंय, आमचे खासदार मंत्री आहेत, पीयूष गोयल. त्यांच्या नावावर प्रश्न शून्य. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने 'शून्य प्रश्न' असा स्क्रीनशॉट फिरवला होता, त्याला समजावता समजावता माझी बोरिवली फास्ट गेली 😄

जुना_पीए
बरीच वर्षं वाचनमात्र आहे इथे, पण हा विषय आला आणि राहवलं नाही. मी एका खासदारांच्या दिल्लीच्या ऑफिसात साडेतीन वर्षं काढली आहेत (कोणाच्या ते विचारू नका, आणि ते मुंबईचे नव्हते), तिथे माझं मुख्य काम प्रश्न लिहिण्याचंच होतं. हो, प्रश्न आम्हीच लिहायचो. साहेब विषय सांगायचे, कधी तेही नाही, पेपरचं कात्रण पुढे सरकवायचे आणि म्हणायचे यावर काहीतरी टाक.

चौथी_सीट ताई, टीव्हीवर का दिसत नाही त्याचं उत्तर आधी देतो. प्रश्न दोन जातीचे, तारांकित आणि अतारांकित. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित असतात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतो, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, खरी मजा तिथे. पण तास एकच, अकरा ते बारा, त्यात गोंधळ झाला नाही तरी जेमतेम पाचसहा प्रश्न होतात, बाकीच्यांचं उत्तर लेखी. अतारांकिताचं तर लेखीच. म्हणजे 300 प्रश्न विचारूनसुद्धा माणूस टीव्हीवर एकदाही न दिसणं सहज शक्य आहे. तुमचे काकाही बरोबर आणि सेक्रेटरीही.

आता 300 हा आकडा. एका खासदाराला एका दिवसाला पाचच प्रश्न, त्यातला तारांकित फार तर एक, तोही चिठ्ठीत नंबर लागला तर. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत 274 बैठका झाल्या, म्हणजे पूर्ण टर्ममध्ये 300 म्हणजे दिवसाला एकाच्या आसपास. वाईट नाही, पण पुस्तिका छापण्याइतकंही नाही. आणि एकच प्रश्न चारपाच खासदारांनी जसाच्या तसा दिलेला असतो, सगळ्यांची नावं उत्तराच्या वर एकाखाली एक येतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक जमा. आम्ही पीए लोक एकमेकांना मसुदे द्यायचो, खोटं कशाला बोलू. संख्या वाढवायची हीच युक्ती. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, आता थोडं वाटतं.

म्हणून मोजत बसू नका, उघडून वाचा. वाचताना मी काय बघतो ते सांगतो. प्रश्न आपल्या भागाचा आहे का 'देशात किती' छापाचा आहे. 'देशात किती पूल धोकादायक आहेत' याला मंत्रालय राज्यवार तक्ता चिकटवून मोकळं होतं. 'अमुक स्टेशनच्या पादचारी पुलाचं काम कोणत्या तारखेला मंजूर झालं, किती खर्च झाला, कधी संपणार' याला पळवाट काढायला मेहनत लागते. प्रश्न साधारण 150 शब्दांत बसवायचा असतो, निदान पंधरा दिवस आधी द्यायचा असतो, म्हणजे कालच्या पेपरातली बातमी त्यात येऊच शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच विषयावर पुढच्या अधिवेशनात परत विचारलंय का. चिकाटी तिथे दिसते. अभिजात मराठीवर किती वर्षं वेगवेगळे खासदार विचारत होते आणि 'विचाराधीन आहे' एवढंच येत होतं, 3 ऑक्टोबर 2024 ला दर्जा मिळाला. प्रश्नामुळे मिळाला असं मी म्हणत नाही, पण फाइल झोपू दिली नाही एवढं नक्की.

उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं दिसलं तर ते सोडू नका. ते आश्वासन धरलं जातं, त्याची वेगळी समिती आहे, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. करतात का? हसलो मी.

कटिंग_स्पेशल
पण मग रस्त्यातले खड्डे, पाण्याचं प्रेशर, बेस्टच्या बसेस कमी केल्या, यावर का विचारत नाहीत हे लोक? मत मागायला तर गल्लीत येतात.

जुना_पीए
विचारले तरी प्रश्न नामंजूर होतो. विषय मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीतला लागतो. खड्डे पालिकेचे, पाणी पालिकेचं. आमदार-नगरसेवकांचा हिशोब हवा तर प्रजा फाउंडेशनची प्रगतिपुस्तकं बघा. पण मुंबईच्या खासदाराला विषयांचा दुष्काळ नाही हो, लोकल आहे, पोर्ट ट्रस्टची जमीन आहे, मिठागरं आहेत, विमानतळाला खेटून असलेल्या झोपड्या आहेत, कांदिवलीच्या लष्करी डेपोजवळ अडकलेल्या बिल्डिंगा आहेत. हे सगळं दिल्लीचंच.

थेम्सकाठची_माई
माझी लेक इंग्लंडात असते, मी सहा महिने तिच्याकडे. तिथे 'दे वर्क फॉर यू' म्हणून साइट आहे, पिनकोड टाकला की तुमचा खासदार कोण, त्याने कुठल्या विषयावर कसं मत दिलं, मंत्र्याला काय विचारलं, सगळं समोर. लेकीने तिच्या खासदाराला त्यावरून पत्रसुद्धा लिहिलं, उत्तरही आलं. आपल्याकडे का नाही असं?

जोगेश्वरीकर
माई, आपल्याकडे तशी साइट काढली तरी त्यात बघण्यासारखं कमीच निघेल. तिथे पक्षाचा आदेश मोडला तर पक्ष फार तर बाहेर काढेल, खासदारकी राहते. इथे 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर खासदारकी जाऊ शकते. मग कोण मोडणार? त्यामुळे मत बघायचं तर ते पक्षाचं बघताय, माणसाचं नाही. पक्षच कसे वळतात बघा, डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती बिलाला शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. बिल तेच.

उलट उदाहरण पण आहे, सप्टेंबर 2023, महिला आरक्षण, 454 विरुद्ध 2. ते दोन कोण हे सगळ्या देशाला लगेच कळलं, ओवैसी आणि आपल्या संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. पटो न पटो, नोंद आहे आणि ती त्यांनी लपवली नाही.

तरी चौथी_सीट तुम्ही शोधाच. आमच्या उत्तर पश्चिम मतदारसंघात 2024 ला निकाल 48 मतांनी लागला, इथे आम्ही एकेका मताची किंमत जाणतो. आमचं मत आम्ही रांगेत उभं राहून देतो, त्यांचं नुसतं 'हां' मध्ये विरघळून जातं.

चौथी_सीट
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, विशेषतः जुना_पीए. काल रात्री जेवण झाल्यावर बसले आणि लोकलवरची नऊ उत्तरं उघडली. गंमत सांगू का, त्यातल्या सहा उत्तरांत एकच परिच्छेद आहे, एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या लोकलच्या प्रकल्पांचा, एमयूटीपी-2 8,087 कोटी, एमयूटीपी-3 10,947 कोटी, एमयूटीपी-3ए 33,690 कोटी मंजूर. तोच क्रम, तेच आकडे. विचारलंय काय तर प्लॅटफॉर्मची उंची, उत्तर काय तर 33,690 कोटी. विचारलंय लेडीज डब्याबद्दल, उत्तर 33,690 कोटी. आता मला तो पाठ झालाय, सकाळी सव्वाआठच्या गर्दीत एक बाई म्हणाली जरा सरका, मी म्हटलं 33,690 कोटी मंजूर आहेत. मैत्रिणी अजून हसतायत.

पण एक प्रश्न खरंच चांगला सापडला. आमच्याच स्टेशनचं नाव, बंद पडलेल्या सरकत्या जिन्याबद्दल, किती दिवस बंद, कंत्राट कोणाला, दंड किती लावला. उत्तर अर्धवट आहे, दंडाचं गाळलंय. मी पुढच्या अधिवेशनाची यादी तपासली, परत विचारलेलं नाही. दोन अधिवेशनं झाली. जिना अजून बंदच आहे, मी रोज त्याच्या शेजारून चढते.

गच्चीवरचा_पतंग
आणि मतदानाचं काय झालं? काका खरे की खोटे?

चौथी_सीट
अरे हो. मतविभागणी झाली होती त्या बिलाला. डिबेट्सची पीडीएफ उघडली, केवढी मोठी, फोन गरम झाला. बाजूच्या यादीत नाव नाही. विरोधातल्या यादीत नाव नाही. मला वाटलं काका जिंकले, ग्रुपवर टाइप करायलाही घेतलं. मग निकालाखाली बारीक अक्षरात तळटीप दिसली, की पुढील सदस्यांनीही चिठ्ठीद्वारे मत नोंदवलं किंवा दुरुस्त केलं, आणि त्यात आमचे! म्हणजे होते सभागृहात, बटणाचाच काहीतरी घोळ झाला असणार.

जुना_पीए
होतं तसं. बटण नीट दाबलं जात नाही, दिवा लागत नाही, मग चिठ्ठी देतात. म्हणूनच अध्यक्ष निकाल सांगताना 'दुरुस्तीच्या अधीन' म्हणतात. टीव्हीवर बोर्डवरचा आकडा दिसतो आणि कागदावरचा अंतिम आकडा वेगळा निघतो. आणि हजेरी म्हणाल तर आमच्या वेळी ती सहीची असायची. सही करून माणूस तासाभरात निघून गेला तरी दिवस हजर धरायचे. त्यामुळे त्या दिवशी होते याचा पुरावा हजेरीपेक्षा ही तळटीपच जास्त पक्का.

चौथी_सीट
तळटीपेचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. काका म्हणाले चिठ्ठी कोणीही लिहू शकतं. सोडून दिलं.

जिन्याचं मात्र सोडत नाहीये. त्या उत्तराची प्रिंट काढली, गाळलेल्या दंडाच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आणि शनिवारी खासदारांच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. तिथल्या मुलाने विचारलं, मॅडम हे तुम्हाला कुठे मिळालं? म्हटलं तुमच्याच साहेबांचा प्रश्न आहे. त्याने तो पहिल्यांदाच बघितला असावा. जुना_पीए, नोटीस पंधरा दिवस आधी लागते म्हणालात ना, मग अधिवेशनाच्या किती आधी परत जाऊन आठवण करू?

जुना_पीए
अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात जा. रेल्वेचे प्रश्न लोकसभेत बुधवारी असतात, तेव्हा 'साहेब, पहिल्या बुधवारसाठी' असं सांगा. आणि मसुदा तुम्हीच लिहून न्या, 150 शब्दांच्या आत. तिथला मुलगा तुम्हाला दुवा देईल.